खेप

गाडीवर मावते तेवढी वाळू म्हणजे एक खेप.
एका खेपेच्या चाळीस विटा, सिमेंटच्या, पोकळ पोटाच्या.
हिशेब तोंडपाठ आहे, विचारा:
सिगा आत्याच्या दोन खोल्या, तेवीस खेपा.
मशिदीची मागची भिंत, नऊ.
डाकारहून आलेल्या त्या साहेबाचा दुमजली बंगला
मोजायचा मी सोडून दिला,
तोवर टेकडीच मोजण्याइतकी उरली नव्हती.

रात्री जायचो. वनखात्याचा गार्ड दिवसा असतो,
आणि रात्री त्यालाही घर बांधायचं असतं.
घोड्याच्या खुरांना पोती गुंडाळायचो
आवाज होऊ नये म्हणून.
कुणाला जाणार होता ऐकू?
समुद्राला?

त्या टेकड्यांवर फिलाओ होते, सुरूची झाडं.
पानं कसली, हिरवी सुतळीच ती.
वारा आला की लग्नघरातल्या बायका
नवऱ्यामुलाबद्दल कुजबुजाव्यात तशी बोलायची.
सिगा आत्यानं लावलेली.
तेव्हा ती चौदाची, रोजंदारीवर,
डोक्यावर पत्र्याचा डबा,
विहीर ते टेकडी, टेकडी ते विहीर,
एका रोपाला एक लोटा.
मुकादम म्हणायचा, सांडलंस तर पैसे कापीन.
सांडलं नाही कधी, ती सांगते,
पण विहिरीवर मुद्दाम रेंगाळायचे,
मुकादमाचा मुलगा तिथे बसायचा.
अजून हसते हे सांगताना. दात नाहीत, तरी.

झाडांच्या पाठीशी कांदा व्हायचा आमचा.
कोबी. गाजरं मनगटाएवढी.
आधी झाडं गेली: थोडी चुलीत,
थोडी माशांना धुरी द्यायला,
बाकीची उभ्याउभ्या म्हातारी झाली
आणि त्यांच्या जागी कुणी रोप लावलं नाही.
मग वाळू मोकळी झाली.
आणि मी होतोच.

पहिल्यांदा कांद्याची पात टोकाकडून पिवळी पडली.
मग एका सकाळी घोड्यानं विहिरीचं पाणी हुंगलं
आणि मान फिरवली.
आम्ही पुढे वर्षभर पीत होतो.

वागानचं घर गेलं भरदुपारी.
एकाच परातीभोवती सगळे जेवत होते.
परात उचलून बाहेर आले,
उभ्यानं भात संपवला
आणि बघत राहिले भिंत खाली बसताना,
दमलेल्या माणसासारखी, आधी गुडघ्यांत.
त्या भिंतीत माझ्या सोळा खेपा.
समुद्र आपली वाळू ओळखतो म्हणतात.
मला वाटतं तो काही ओळखत नाही.
त्याला नुसती वाट मोकळी दिसते.

काल आत्यानं बोलावलं.
टोमॅटोच्या रिकाम्या डब्यातून
फिलाओची बोंडं काढली, काटेरी, सुकलेली,
कानाशी नेऊन खुळखुळवली.
म्हणाली, एक खेप आणून दे.
कुठून?
नेलीस तिथून.

ठेकेदाराकडून घेतली मग,
मी विकली त्याच्या चौपट भावानं.
माझीच होती की दुसऱ्या कुणी उपसलेली,
वाळूच्या तोंडावर काय लिहिलेलं असतं?
उन्हात, चारचौघांदेखत,
खुरांना काहीही न बांधता गाडी हाकली.
पोरं मागे धावली:
कुणाचं घर? ए, कुणाचं घर बांधताय?

आत्या दारात उभी होती, हातात डबा.
मी लगाम ओढला.
घोडा थांबला नाही.
सवयीनं पुढे गेला, शेवटच्या कुंपणापलीकडे,
पाण्यात, चाकं रुतेपर्यंत,
फेस पोटाला लागेपर्यंत,
आणि नेमका तिथे उभा राहिला
जिथे टेकडीचा पायथा होता,
कान मागे वळवून
फावड्याच्या आवाजाची वाट बघत.